तीन घड्याळांचं एक

बाबांनी आईला चोर म्हटलं तेव्हा मी बेसिनपाशी उभा राहून कप विसळत होतो. आवाज चढलेला नव्हता. पंखा जरा कमी कर म्हणावं तशा आवाजात ते म्हणाले, "हिनं माझं घड्याळ घेतलंय. विचार हिला." आई त्यांच्या समोरच बसून गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरत होती. तिचा हात थांबला नाही. मंगळवारच्या कप्प्यात एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी तोडलेली. मी नळ बंद केला, कारण मला वाटलं आपल्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली. हे माझ्या बाबतीत जरा हास्यास्पदच. दुसऱ्याला नीट ऐकू येतं की नाही हे ठरवण्यावर माझं पोट चालतं. जाड भिंतींच्या एका लहानशा खोलीत मी माणसं बसवतो, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवतो, काचेच्या अलीकडून बारीकबारीक आवाज सोडतो आणि सांगतो, ऐकू आला की बटण दाबा. काही जण आवाज नसतानाही दाबतात. लबाड नसतात बिचारे, समोरच्याला बरं वाटावं म्हणून दाबतात. मी मधूनच काहीही न सोडता नुसता थांबतो, तेव्हा ते सापडतात. बाबांनी वाक्य पुन्हा म्हटलं, शब्द तेच, क्रम तोच. "रोजचंच आहे," आई डबीचं झाकण दाबत म्हणाली. "तू आज ऐकलंस, एवढंच." मी पुन्हा नळ सोडला आणि केव्हाच स्वच्छ झालेला कप आणखी थोडा वेळ विसळला.

घड्याळ हरवलं होतं हे खरंच. थंडीत बाबा न्हाणीघरात पडले, दवाखान्यात राहून आले, आणि घरी आल्यावर कधीतरी आमच्या लक्षात आलं की मनगटावर घड्याळाच्या जागी नुसता फिकट वळ उरलाय. आम्ही घर पालथं घातलं. धान्याचे डबे, बुटांची पोटं, गाद्यांच्या खोळी, दाराआड टांगलेल्या जुन्या कोटाचे खिसे. नाही म्हणजे नाहीच. पडण्याच्या आधीपासूनच बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. शेजाऱ्यांची नावं गेली, माझं वय गेलं, ताई लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलीय हे गेलं. घड्याळ तेवढं जायला तयार नव्हतं. दूध टाकणाऱ्याला त्यांनी सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यात गाठून सांगितलं. त्या बाई समजूतदारपणे हसल्या, आणि मग त्यांनी आईकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, हिच्या अंगावर काही नवीन दिसतंय का म्हणून. त्या दिवसापासून आई खाली जायची बंद झाली. मी वेगळा राहतो, सुट्टीच्या दिवशी येतो, त्यामुळे हे सगळं मी तसं लांबूनच बघत होतो. आजारात माणूस जवळच्या माणसावरच आळ घेतो, असं मी आईला समजावूनही सांगितलं होतं, दवाखान्यातलं माहितीपत्रक वाचून दाखवावं तसं. तिनं ऐकून घेतलं. मग एका दुपारी मी आलो तर तिनं स्वतःचं कपाट पलंगावर रिकामं केलं होतं आणि एकेक कपडा उलगडून झटकत होती. "काय शोधतेस?" "घड्याळ." "तुझ्या कपाटात?" ती त्या ढिगातच बसली. "मला वाटायला लागलंय रे, मीच घेतलं असेल. घेतलं असेल आणि विसरले असेन. त्यांचं काय सगळंच खोटं असतं का? परवा चष्मा फ्रिजमध्ये आहे म्हणाले, तर होता की फ्रिजमध्ये!" मी हसलो. हसता हसता तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत नव्हती. या घरातलं एक डोकं हातचं गेलंच होतं. दुसरं त्याच्यामागून निघालेलं मला दिसलं, आणि मी चक्क घाबरलो.

ते घड्याळ म्हणजे काही मौल्यवान चीज नव्हती. केव्हाच बंद पडलेल्या एका कंपनीचं, चावीचं, सायीच्या रंगाची तबकडी, आकडे फक्त बारा आणि सहा, आणि सहाच्या वर एक छोटं वर्तुळ, त्यात सेकंदकाटा एकटाच फिरत असे. बाबा कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते. रंगाच्या हौदात कापड किती वेळ ठेवायचं ते या घड्याळावर ठरायचं. मिनिटभर जास्त झालं की छटा गेली, मग तागेच्या तागे वाया. हौदाच्या लोखंडी काठावर घासून घड्याळाच्या कडेला, चावीच्या खालच्या अंगाला, एक ओरखडा पडला होता. लहानपणी मला ताप आला की बाबा उशाशी बसून मनगट माझ्या कानाखाली सरकवायचे. "ऐक," म्हणायचे, दुसरं काही नाही. त्यांच्या हाताला रंगाचा आणि साबणाचा वास यायचा, आणि त्या वासाच्या आत कुठेतरी ती टिकटिक. ताई म्हणते मी या धंद्यात त्यामुळेच आलो. ताईला असल्या गोष्टी जोडायला आवडतात. मला दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नव्हता, हे तिला सोयीस्करपणे आठवत नाही. कारखान्यातल्या यंत्रांनी बाबांचे कान खाल्ले. वरच्या पट्टीतले बारीक आवाज तर साफ गेले, मीच तपासून आलेख काढलाय. तरी ते रोज सकाळी चावी देत, घड्याळ कानाशी धरत आणि मान हलवत. त्यांना ती टिकटिक ऐकू येणं शक्य नव्हतं. मी कधी बोललो नाही. आणि आईकडे घड्याळ नव्हतंच. एकदा तिनं मागितलं होतं, मी शाळेत असताना, सहज म्हणावं तसं. बाबा म्हणाले, "तुला कशाला? भिंतीवर आहे की. आणि मी आहे." विषय संपला. ती आतून विचारायची, "अहो, किती वाजले?" आणि ते सांगायचे. आमच्या घरातली वेळ बाबांच्या मनगटावर असायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तसंच घड्याळ मिळवायचं हे मी ठरवलं तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं. जुन्या घड्याळांच्या साइटवर त्या कंपनीची ढिगानं होती. प्रत्येक घड्याळ कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातून निघालेलं, प्रत्येक 'चालू स्थितीत', प्रत्येक 'नुकतंच सर्व्हिस केलेलं'. जगात इतके आजोबा आणि इतकी कपाटं असतील असं मला वाटलं नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत त्या काचेच्या अलीकडे बसून तबकड्या मोठ्या करून करून बघत असे. बघता बघता मला त्याची चटक लागली हे कबूल करायला हवं. आईसाठी करतोय हे मधूनच विसरायला व्हायचं. एक मनासारखं दिसलं, मी मागवलं. खोक्यातून निघालं ते फोटोतल्यासारखं होतं, पण फोटो सावलीत काढलेला होता. उजेडात धरल्यावर तबकडीवर रंगाचा जाड थर दिसला, आकडे कुणीतरी हातानं गिरवलेले. कानाशी नेलं, शांत. हलवलं तर दहा-बारा ठोके देऊन पुन्हा शांत. विकणाऱ्याला लिहिलं, "चालत नाही." त्याचं उत्तर आलं, "चालू स्थितीत होतं, चालतं असं म्हटलं नव्हतं." मी ते वाक्य पुष्कळ वेळ वाचत बसलो. राग यायला हवा होता, कौतुकच वाटलं.

ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुला ना, कुणीही टोपी घालावी. आधी कुणाला तरी दाखवायचं असतं बावळटा." तिथे बसून ती असे पुष्कळ सल्ले देते. दाखवायला म्हणून मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना मी मनात भिंगवाले म्हणतो. दोन दुकानांच्या मधल्या बोळकंडीत त्यांची टेबलाएवढी जागा. एका डोळ्यात भिंग बसवूनच ते गिऱ्हाइकाशी बोलतात, त्यामुळे त्यांचा एक डोळा सतत चकित झालेला दिसतो. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मोठ्यानं हसले. "साहेब, हे बघा. हा छोटा सेकंदकाटा आहे ना, नुसता चिकटवलाय. फिरतच नाही. आतलं मशीन कुठल्या तिसऱ्याच घड्याळाचं आहे." "मग दुरुस्त होईल?" "दुरुस्त कशाला करता? पट्ट्याचं बक्कल मात्र अस्सल आहे, तेवढं ठेवा." मग मी दुसरं घेतलं. त्याची बाहेरची चौकट अगदी तीच, फोटोत आरशासारखी; आत पाणी जाऊन सगळं गंजून एकजीव झालेलं. झाकण उघडून दाखवा असं विकणाऱ्याला आधी सांगायचं असतं, हे मला नंतर कळलं. तिसऱ्याच्या वेळी सांगितलं. त्यानं दाखवलं, मशीन लखलखीत. तबकडी, काटे निर्दोष. चौकटीचे पट्टा अडकवायचे दोन्ही कान तुटलेले होते, पण ते मी विचारलंच नव्हतं. भिंगवाल्यांनी तिन्ही घड्याळं ओळीनं मांडली. "आता कसं," ते खुशीत आले. "तिघांचं मिळून एक उभं करतो. सफाई, तेल, सगळं. आठवड्याभरात या." आठवड्याभरानं गेलो, म्हणाले एक स्प्रिंग यायचीय. त्यापुढच्या खेपेला म्हणाले पाहुणे आले होते. मग काही दिवस बोळकंडीला नुसतंच कुलूप. दरम्यान आई आता दूधवाल्याला दार उघडतानाही ओढणीच्या आड हात लपवते, असं माझ्या लक्षात आलं. मनगटं लपवत होती ती.

भिंगवाल्यांना मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती: पॉलिश करायचं नाही. मला ते जुनं हवंय, वापरलेलं दिसायला हवंय. "कळलं साहेब, कळलं," ते म्हणाले होते. आणि शेवटी घड्याळ माझ्या हातात ठेवलं तेव्हा ते नव्या चमच्यासारखं चकाकत होतं. मी बघतच राहिलो. "अहो, मी काय सांगितलं होतं?" "सर्व्हिस म्हटली की पॉलिश आलंच ना साहेब. तुम्ही म्हणालात नको, तरी मी केलं. फुकट केलं! आमच्या हातून घाणेरडं घड्याळ बाहेर जात नाही." माणूस खरोखर अभिमानानं बघत होता, आणि भिंगातला डोळा तर जरा जास्तच. मी घड्याळ घेतलं आणि कामावर गेलो. शेवटचा पेशंट गेल्यावर मी त्या जाड भिंतींच्या खोलीत गेलो, दार ओढलं, पेशंटच्या खुर्चीत बसलो. त्या खोलीत बाहेरचं काहीच येत नाही. थोडा वेळ बसलं की माणसाला स्वतःचं गिळणं ऐकू येतं. घड्याळ तिथे केवढ्यानं वाजत होतं! खिशातली किल्ली काढून मी चौकटीच्या कडेवर टेकवली आणि आठवायला लागलो. ओरखडा चावीच्या खाली होता, वरून सुरू होऊन आत वळलेला, शेवटाला बारीक झालेला. डोळे मिटले तर तो दिसेना. पण अंगठ्याला आठवत होता, कारण तापात मी त्यावरून अंगठा फिरवत असे. म्हणून मी डोळे मिटूनच किल्ली ओढली. मग बुटाच्या तळव्याची धूळ बोटांना लावून चोळून चमक घालवली, कडा बोथट केल्या, पुन्हा ओढली. हे मी बराच वेळ करत होतो. चांगलं शिकलेला, चारचौघांत मान असलेला माणूस कुलपाच्या किल्लीनं वडिलांचं खोटं आयुष्य कोरत बसलाय, असं स्वतःकडे बघून वाटलं. पण हात थांबला नाही, आणि अंगठा फिरवला तेव्हा तो बरोबर त्या जागी अडखळला.

बेत साधा होता. घड्याळ दाराआडच्या कोटाच्या आतल्या खिशात टाकायचं. बाबांना उन्हात फिरवायला नेताना कोट घालायचा. ते सवयीनं खिशात हात घालतात. घड्याळ त्यांचं त्यांनाच सापडेल. कुणी घेतलं नाही, कुणी दिलं नाही, विषय मिटला. आईला मी मुद्दामच सांगितलं नाही. तिला खोटं वागता येत नाही असं मी धरून चाललो होतो. त्या सकाळी मी घड्याळ टाकलं आणि वर्तमानपत्र उघडून बसलो. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. आणि आईला काय वाटलं कोण जाणे, बाहेर नेण्याआधी कोट झटकावा म्हणून तिनं तो खुंटीवरून उतरवून आत नेला. मी उठेपर्यंत आतून आवाज आला. "अहो! अहो, हे बघा! अगंबाई, सापडलं!" हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ती अक्षरशः धावत बाहेर आली, अनवाणी, उघड्या तळहातावर घड्याळ धरून, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की क्षणभर मला मी केलेलं सगळं बरोबर वाटलं. बाबांनी घड्याळ उचललं. फिरवलं. अंगठा कडेवरून सरकत चावीच्या खाली गेला आणि थांबला. "माझंच," ते म्हणाले. मग त्यांनी आधी तिच्या त्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं, नंतर तिच्याकडे, आणि शेवटी माझ्याकडे. "बघितलंस? मी म्हणत नव्हतो? हिच्याकडेच होतं."

आईचा हात तसाच पसरलेला राहिला. तोंडातल्या तोंडात ती म्हणाली, "कोटात होतं हो." "कोटात मी शंभरदा पाहिलंय," बाबा म्हणाले, आणि ते खरंच होतं. मला कळत होतं की हे घड्याळ चकचकीत राहिलं असतं तर त्यांनी ते माझं नव्हे म्हणून बाजूला सारलं असतं, आणि आईवर नुसता संशय राहिला असता. तो ओरखडा मी इतका हुबेहूब काढला होता की आता मुद्देमालासह चोर सापडला होता. "बाबा, ऐका, ते मी—" मी उठलो. आईनं माझ्याकडे न बघता दुसरा हात वर केला, थांब म्हणून. "मीच घेतलं होतं," ती म्हणाली. दूध उतू गेलं हे सांगावं तशा साध्या आवाजात. मी काचेच्या अलीकडे बसून आवाज नसताना बटण दाबणारी माणसं रोज बघतो. घरात बघितलं नव्हतं. बाबांचे खांदे सैल पडले. इतक्या महिन्यांत त्यांना रागवायचं नव्हतंच बहुतेक, नुसतं उत्तर हवं होतं. "का घेतलंस?" त्यांनी विचारलं, लहान मुलाला विचारावं तसं. आईनं विचार केला. खरोखर विचार केला, मला ते दिसत होतं. "आवडलं होतं," ती म्हणाली. "मग मागायचंस ना," बाबा म्हणाले. "दिलं असतं." आईनं खालचा ओठ दातांत धरला. बाबांनी सवयीनं चावी दिली, कानाशी धरलं, मान हलवली, आणि मग तिचा तो पसरलेला हात ओढून घेऊन मनगटावर घड्याळ बांधायला लागले. बक्कल लागेना. तिनं मदत केली नाही, हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला. शेवटच्या भोकात अडकवलं तरी घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. मला तिथे उभं राहवेना. मी आत जाऊन, काही कारण नसताना, कोट झटकला.

त्यानंतर आळ गेला. ताई फोनवर म्हणाली, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हटलं, "झालं." आई पुन्हा खाली जायला लागली; खालच्या बाईंना तिनं आपणहून मनगट दाखवलं म्हणे, "ह्यांनी दिलं," म्हणून. आता बाबा खुर्चीतून विचारतात, "किती वाजले गं?" आणि ती बाही सारून बघते आणि सांगते. ऐकायला बरं वाटतं. पण घड्याळ दुपारनंतर मागे पडायला लागलं, मधेच थांबायलाही. भिंगवाल्यांना कळवलं तर म्हणाले, "तीन घरची माणसं एका घरात नांदायची म्हणजे वेळ लागतोच साहेब. घेऊन या." पुढच्या सुट्टीला मी स्वयंपाकघरात गेलो. "आई, दे ते. दुरुस्त करून आणतो." ती भांडी पुसत होती. "नको." "अगं, बंद पडतं ते." "पडू दे. चावी दिली की चालतं." "चुकीची वेळ दाखवतं." "मग? त्यांना कुठे गाडी पकडायचीय?" मी हात पुढे केलेलाच होता. तिनं बाहेर खिडकीपाशी बसलेल्या बाबांकडे एकदा पाहिलं, आवाज खाली आणला. "त्यांचं नाहीये ना रे हे?" मी भांड्यांकडे बघायला लागलो. "त्यांच्या घड्याळाला चावी देताना खरखर यायची. इतकी वर्षं त्या खरखरीनं जाग यायची मला. हे गुपचूप फिरतं. त्या दिवशी त्यांनी चावी दिली तेव्हाच कळलं." मी आयुष्यभर कानांचं काम केलं आणि ती खरखर मला एकदाही आठवली नव्हती. "मग ते कळल्यावर तरी सांगायचंस," मी म्हटलं. "दोन दिवसांत आणून देतो, दे." तिनं हात पाठीमागे घेतला. "त्यांचं असतं तर दिलं असतं," ती म्हणाली. "हे माझं आहे." आणि बाही मनगटावर ओढून घेऊन ती पुन्हा भांडी पुसायला लागली.